पिवळी टोपी

“बबनचं बोट सुजलंय,” नेताजीनं तालमीच्या कट्ट्यावर येऊन आम्हाला सांगितलं.

बबन आमचा गोलकीपर. तो दिवस शुक्रवारचा आणि फायनल रविवारी. आमची वाघजाई तालीम, रंग लाल. समोर दौलत क्लब, पिवळे. कोल्हापुरात फुटबॉल हा पेठांचा आणि तालमींचा खेळ. आत कुस्तीची माती आणि मारुती, बाहेर कट्ट्यावर फुटबॉलची पंचायत, असा आमच्याकडचा संसार होता. दौलत क्लब दोन गल्ल्या पलीकडे. एरवी आम्ही त्यांच्या लग्नांत जेवायचो, ते आमच्या मयताला यायचे. पण स्पर्धा सुरू झाली की त्यांच्या गल्लीतल्या गिरणीत आमच्यातलं कोणी दळणसुद्धा टाकत नसे.

बोटावरून जी चर्चा पेटली ती दिवे लागेपर्यंत चालली. सर्जेरावांचं म्हणणं होतं की एका बोटानं काही अडत नाही. सर्जेराव म्हणजे आमच्या कट्ट्याचे कारभारी, लाकडाच्या वखारीचे मालक. ते बोलले की बाकीच्यांनी माना डोलवायच्या. त्या दिवशी मात्र माना डोलेनात. पिवळ्यांचा डाव्या बाजूचा पोरगा वाऱ्यासारखा पळतो आणि त्याला अडवायला आमच्याकडे चौतीस वर्षांचा शिवा आहे, ज्याला हाफटाइमनंतर धाप लागते, हे सगळ्यांना माहीत होतं. कोणी म्हणालं शिवाला बसवा. कोणी म्हणालं त्याला बसवलं तर कॉर्नर कोण घेणार? कोणी तर वाघजाईला कोंबडं बोलायला निघालं.

नेताजी बराच वेळ ऐकत होता. तो महापालिकेत पाणीपट्टीच्या टेबलावर होता आणि आकड्यांत किडा शोधण्याची त्याला खोड होती. तो म्हणाला, “सलग तीन फायनली हरलो. खेळाडू बदललं, कोच बदलला, बॉलसुदीक बदलला. बदललं न्हाई ते कोण?”

आणि त्यानं रस्त्यापलीकडे बघितलं. तिथं ईश्वरामामांच्या दुकानात शिलाई मशीन चाललं होतं.

ईश्वरा टेलर पेठेत सगळ्यांचेच मामा. साठीचे, किडकिडीत, गळ्यात टेप. वाघजाईची मॅच त्यांनी आयुष्यात चुकवली नव्हती. चुकवली ती एकदाच, दोन वर्षांपूर्वी सेमीफायनलला, टायफॉइड झाला होता तेव्हा. नेताजीनं बोट ठेवलं ते तिथंच. मामा अंथरुणात होते, ती सेमीफायनल आपण तीन गोलांनी जिंकलो. मामा उठून फायनलला आले, ती हरलो. त्याआधीची आणि नंतरची, दोन्ही फायनली मामा हजर, आणि दोन्ही हरलो.

“पांढऱ्या पायाचा माणूस,” कोणीतरी हळू म्हणालं. कोण म्हणालं ते आठवतं मला, पण तो आता नाही, म्हणून नाव घेत नाही.

तुम्हाला हसू येईल. पण तीन वर्षं हरलेल्या माणसांना हसू येत नसतं. शिवाची धाप आणि बबनचं बोट यांच्यावर आमच्याकडे इलाज नव्हता. मामांवर होता. मामांना यंदा स्टेडियमवर येऊ द्यायचं नाही असं ठरलं आणि ते सांगायचं काम माझ्यावर आलं, कारण मी मामांच्या शेजारचा, माझी पहिली हाफपँट त्यांनी शिवलेली. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो, उद्यमनगरात लेथवर काम करायचो. मला ते काम नको होतं. पण नेताजीचं म्हणणं मलाही पटलं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात गेलो तर मामा त्या वर्षीच्या झेंड्याला इस्त्री करत होते. दर हंगामाला नवा लाल झेंडा तेच शिवायचे, आणि शिलाई विचारली तर रागवायचे. जुने झेंडे तालमीत एका ट्रंकेत राहत. तालमीचा माणूस गेला की त्यातला एक त्याच्या तिरडीवर घालायचा, अशी आमच्याकडे रीत. ज्याच्यावर झेंडा पडला तो तालमीचा. आम्ही पहिल्यांदा कप जिंकला त्या सालच्या झेंड्याच्या कोपऱ्यात मामांनी काळ्या दोऱ्यानं बारीक ‘ई’ काढून ठेवला होता. हा माझा, दुसऱ्या कोणाला घालायचा नाही, असं ते सगळ्यांना बजावून सांगायचे आणि आम्ही त्यांना विचारायचो, मामा, तारीख तेवढी कळवा.

मी आडवळणानं सुरुवात केली. ऊन फार आहे, तुमची तब्येत, गर्दीत धक्काबुक्की होते. मामांनी इस्त्री उभी केली.

“कट्ट्यावर काय ठरलं ते सांग.”

मग मी सांगितलं. नेताजीनं मांडलं होतं तसं, सालावारी. तोंडातून निघत गेलं तसं ते मलाच खरं वाटत गेलं. मामांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. ऐकून घेऊन ते झेंड्याची घडी घालायला लागले, आणि ती त्यांना दोनदा मोडावी लागली.

“म्हंजे मी ज्या बाजूला बसतो ती बाजू हरती,” ते म्हणाले. “असंच न्हवं?”

“तसं म्हणत्यात.”

“तुला काय वाटतंय?”

मी खाली बघितलं. म्हटलं, “मामा, चौथ्यांदा हरायचं न्हाई.”

“बरं,” ते म्हणाले. झेंडा माझ्या हातात दिला. “घिऊन जा. सांग त्यास्नी, ईश्वरा काय तुमच्यात येऊन बसत न्हाई.”

त्यांनी एवढं सहज घेतलं याचं मला बरं वाटलं. कट्ट्यावर जाऊन मी ते फुशारकीनं सांगितलंसुद्धा. मी बाहेर पडलो तेव्हा मामा कपड्यांच्या तुकड्यांच्या गाठोड्यात काहीतरी शोधत होते, ते माझ्या डोळ्यांना दिसलं होतं. डोक्यात मात्र काही शिरलं नाही.

रविवारी स्टेडियम फुटायचं बाकी होतं. शिवाची धाप हाफटाइमच्या आधीच लागली. पिवळ्यांचा तो पोरगा दोनदा आत घुसला आणि दोन्ही वेळा बबननं सुजलेल्या बोटानिशी बॉल अडवला. शेवटची दहा मिनिटं राहिली असताना आम्हाला कॉर्नर मिळाला. शिवानं तो घेतला, गर्दीत कोणाच्या तरी डोक्याला लागून बॉल आत गेला, आणि पुढची दहा मिनिटं आम्ही देवाचं नाव घेत काढली. जिंकलो. मी कोणाच्या तरी खांद्यावर होतो. तेवढ्यात नेताजीनं माझा पाय धरून ओढला.

“तिकडं बघ. पिवळ्यांच्यात. तिसरी पायरी.”

मैदानापलीकडे दौलतचे लोक मान खाली घालून बसले होते. त्यांच्या मधोमध ईश्वरामामा. डोक्याला नवीकोरी पिवळी टोपी.

ती बातमी कप पेठेत पोचायच्या आधी पोचली. राग आला म्हणून घरी बसला असता तर समजलो असतो, पण शत्रूच्यात जाऊन बसला, हे कोणाच्या पचनी पडेना. सर्जेरावांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते जिंकल्याचं की रागाचं हे सांगता येणार नाही. मिरवणूक मामांच्या दुकानासमोर आली तेव्हा हलगी थांबली. “फितूर, फितूर” असा ओरडा झाला आणि बंद दारावर मुठीमुठीनं गुलाल पडला. ओरडणाऱ्यांत माझाही आवाज होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानामागच्या त्यांच्या घरी गेलो तो भांडायलाच. मामी पायरीवरचा गुलाल धूत होत्या. त्यांनी मला वाट दिली आणि पुन्हा पायरी घासायला लागल्या. आत मामा चहा घेत बसलेले, चेहरा लग्नघरातल्यासारखा फुललेला.

“बबननं दुसरा बॉल अडवला तो बघितलास?” ते म्हणाले. “तुमच्या बाजूनं दिसला नसंल. माझ्या म्होरंच झालं. बोटाच्या पेरानं काढला गड्यानं.”

मी काय बोलायला आलो होतो ते विसरलो. विचारलं, “मामा, तिकडं का बसला?”

ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी अडाणी आहे. “तूच सांगितलंस की. मी बसतो ती बाजू हरती. घरात बसून निम्मंच काम झालं असतं. म्हटलं, जाऊन बसावं त्यांच्यातच.”

मग उठून त्यांनी खुंटीवरची टोपी काढली आणि उलटी करून माझ्यापुढे धरली. आत अस्तर लाल होतं. झेंड्याचं उरलेलं कापड.

“वरनं पिवळी, जगाला दाखवाय. आतनं आपली. देवाला तरी कळाय नको, मी कुणाचा हाय ते?”

मी उठलोच. म्हटलं, आत्ता कट्ट्यावर जातो आणि सगळ्यांना सांगतो. मामांनी माझं मनगट पकडलं. नेताजीच्या तोंडात तीळ भिजत नाही, ते म्हणाले. आज कट्ट्यावर कळलं तर संध्याकाळी दौलतच्या गल्लीत कळणार. “मग फुडच्या वर्षी ते मला जवळ हुबं तरी करतील काय?” त्यांनी मला वाघजाईची शपथ घातली. मला वाटलं वर्षभराचा प्रश्न आहे, आणि मी ती घेतली.

तो प्रश्न चार वर्षं चालला. तालमीचा झेंडा दुसऱ्या टेलरकडे गेला. पेठेतली शाळेच्या गणवेशांची शिलाई गेली. कट्ट्यावरून मामा गेले की बोलणं थांबायचं आणि ते पुढे गेले की कोणीतरी थुंकायचं. मामींना नळावर बायका ‘पिवळेबाई’ म्हणायला लागल्या. मामा दर हंगामाला टोपी घालून पलीकडे जाऊन बसायचे. शंका येऊ नये म्हणून पिवळ्यांच्या सगळ्याच मॅचना जायचे. त्यातल्या कितीतरी पिवळे जिंकायचे, पण त्या मामा धरत नसत. आमच्याविरुद्धची तेवढी धरायचे. एका वर्षी आमच्याविरुद्धचीही पिवळे जिंकले. मी पळत त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, झालं, तुमच्या पायात काही दोष नाही, आता सांगू द्या. मामा म्हणाले, “मला पोचाय उशीर झाला त्या दिशी. पयला गोल मी बसायच्या आधीच झाला.”

एकदा मात्र ते वेगळंच बोलले. म्हणाले, दौलतची पोरं जीव लावतात. तो फळवाला शौकत बागवान, तो माझ्यासाठी जागा धरून ठेवतो, ऊन लागतं म्हणून पोत्याची घडी घालतो, हाफटाइमला चहा आणून देतो. “आणि मी त्यांच्या वाइटावर बसतोय रं, उत्तम. चहा घशाखाली उतरत न्हाई.” पण जायचे थांबले नाहीत.

मी शपथेला बांधलेला होतो, हे खरं. पण त्या शपथेआड लपणं मला सोयीचंही होतं. सांगायचं तर आधी हे सांगावं लागलं असतं की त्यांच्या तोंडावर मीच त्यांना पनवती ठरवलं होतं. मी कट्ट्यावर बसत राहिलो. मामांना शिव्या पडताना चहा पीत राहिलो.

पाचव्या वर्षी पुन्हा फायनल, पुन्हा दौलत. शुक्रवारी दुपारी मामा मशीनवर मान टाकून गेले. पायाखालचं पायडल तेवढं दोन-चार वेळा हललं, असं मामींनी सांगितलं.

शनिवारी सकाळी तिरडी बांधत होते तेव्हा दारात मी, दोन शेजारी आणि मामींचे भाऊ, एवढेच. समोर कट्टा भरलेला, पण रस्ता ओलांडून कोणी आलं नाही. मामींनी मला आत बोलावलं.

“तालमीत जा,” त्या म्हणाल्या. “त्यांचा झेंडा घिऊन ये. ई काढलेला.”

ट्रंकेची किल्ली सर्जेरावांकडे असायची. मी त्यांच्यापुढे उभा राहिलो. त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, “झेंडा पिवळ्यांच्याकडं माग.” सर्जेराव वाईट माणूस नव्हता. मामांवर त्यांचा जीव होता, म्हणूनच एवढा राग होता. मी सांगायला तोंड उघडलं. शपथ देवी बघून घेईल, असं ठरवूनच गेलो होतो.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी माणसं दिसली. दौलत क्लबचे चाळीसेक लोक अनवाणी, रांगेनं येत होते. दुसऱ्या दिवशीच्या फायनलचे त्यांचे खेळाडूसुद्धा त्यात होते. पुढे शौकत, हातात घडी केलेला पिवळा झेंडा. तो लहान पोरासारखा रडत होता.

मी तोंड मिटलं. काय सांगणार होतो? की हा माणूस चार वर्षं तुमचं वाटोळं व्हावं म्हणून तुमच्यात बसत होता? ते तिथूनच मागे फिरले असते. आमचे आले असते की नाही, याची खात्री नव्हती. मग मामांना खांदा कोणी दिला असता?

मी हात हलवत परत आलो. मामींनी माझ्या हातांकडे बघितलं आणि मान वळवली. शौकतनं मामांवर पिवळा झेंडा पांघरला, नीट, कुठं सुरकुती राहू न देता. मग त्यानं विचारलं, मामी, मामांची टोपी? मामी आत गेल्या आणि टोपी घेऊन आल्या. खाली बसून त्यांनी ती मामांच्या डोक्यावर घातली. चार वर्षांच्या वापरानं कडेची शिलाई उसवली होती आणि आतलं लाल अस्तर बोटभर बाहेर आलं होतं. मामींनी ते बोटानं आत सारलं. एकदा सरकेना, म्हणून दुसऱ्यांदा सारलं. मग हात जोडले.

मामा पिवळ्यांच्या खांद्यावरून, पिवळ्या झेंड्याखाली गेले. कट्ट्यासमोरून तिरडी गेली तेव्हा आमचे लोक रीतीप्रमाणे उभे राहिले, पण कोणी पाऊल पुढे टाकलं नाही.

संध्याकाळी मी कट्ट्यावर गेलो. फायनलची चर्चा चालली होती, पण कोणाचं तीत लक्ष नव्हतं. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. झेंड्याच्या दोनदा मोडलेल्या घडीपासून मामींच्या बोटापर्यंत. मी त्यांना काय म्हणालो होतो तेही सांगितलं. सर्जेराव उठून आत गेले. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. तो झेंडा घेऊन ते बाहेर आले, हे कट्ट्याबाहेर जाता कामा नये असं नेताजीला बजावलं आणि कोपऱ्यातल्या ‘ई’वरून अंगठा फिरवत बसले. घाटावर चिता एव्हाना विझत आली होती.

शेवटी नेताजी बोलला. त्याचा आवाज फाटलेला होता आणि तो थट्टा करत नव्हता, हे मी शपथेवर सांगतो.

“मग उद्या तिकडं कोण बसणार?”

कोणी हसलं नाही. कोणी त्याला गप्पही केलं नाही. ते आमच्याकडचं रडणं होतं.

रविवारी मी बसलो. म्हणजे बसायला गेलो. अंगावर लाल नव्हतं, पिवळंही नव्हतं. दौलतच्या बाजूला पाय ठेवायला जागा नव्हती, फक्त तिसऱ्या पायरीवर मधोमध एका माणसाची जागा मोकळी होती. तिथं पोत्याची घडी घातलेली आणि तिच्यावर झेंडूचा हार. मी तिथल्या कठड्याला धरून उभा राहिलो. त्या दिवशी वाघजाई दोन गोलांनी हरली. पलीकडे आमची बाजू मान खाली घालून बसलेली दिसत होती. आयुष्यात पहिल्यांदा मी ती पलीकडून बघत होतो, जशी मामांनी चार वर्षं बघितली होती.

त्याआधी, हाफटाइमला शौकत चहा घेऊन आला होता. एक ग्लास त्यानं पोत्याशेजारी ठेवला. मग त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. आदल्या दिवशी रडण्याच्या भरात त्यानं माझा चेहरा बघितला नसावा, मी कुठला हे त्यानं ओळखलं नाही. उन्हात उभा आहे म्हणून त्यानं दुसरा ग्लास मला दिला आणि थोडं ओशाळून म्हणाला, “बसा म्हटलं असतं, पर ही जागा भरलेली हाय. इथं आमचा मामा बसतो.”

मी ग्लास हातात धरून तसाच उभा राहिलो. तो चहा माझ्याही घशाखाली उतरला नाही.